वाडा पाडा, पण आधी दुकानाची नोंद घ्या

प्रति,
मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका
तसेच बांधकाम परवानगी विभाग, आकाशचिन्ह व परवाना विभाग आणि हेरिटेज सेल

विषय: पेठांमधले जुने वाडे पाडण्यापूर्वी त्यातल्या दुकानांची नोंद करून ठेवण्याबाबत

स.न.वि.वि.

मागणी आधीच सांगून टाकतो, म्हणजे टिपणी लिहिणाऱ्या साहेबांना शेवटचे पान शोधावे लागणार नाही. पेठांमधला जुना वाडा पाडून नवी इमारत बांधायला आपण परवानगी देता, तेव्हा फाईलला मालकीची कागदपत्रे, नकाशे, भाडेकरूंची यादी, ना-हरकती असे बरेच काही लागते. त्यात एक कागद वाढवा. त्या वाड्याच्या दर्शनी बाजूला जी दुकाने आहेत त्यांची नोंद. कोणता धंदा, कधीपासून, कोणी काढला, पाटी कशी होती, माल कुठून यायचा, गिऱ्हाईक कोण, आणि दुकान आता कुठे चालले आहे. पान-दोन पानांचे काम आहे. वाडे पाडू नका असे मी म्हणत नाही. त्यातले काही तर माझ्या डोक्यावर पडायचेच बाकी होते.

मी हिशेबनीस. कसबा, रविवार, बुधवार आणि शुक्रवार पेठेतल्या दुकानांची खाती लिहिण्यात कामाची वर्षे गेली. सी.ए. नव्हे. सी.ए.कडे जाण्याआधी पिशवीत कोंबलेल्या पावत्या ज्याच्यापुढे ओतल्या जातात, तो मी. त्यामुळे दुकाने मला समोरून कमी आणि मागून जास्त माहीत आहेत.

या शहरात धंद्यांची आठवण कोणी ठेवली असेल तर ती देवांनी. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, बटाट्या मारुती. पासोड्या विकणारे उठून गेले, पण विठोबाने त्यांचे नाव सोडले नाही. मंडई बांधली जाण्याआधी शनिवारवाड्यापुढच्या मैदानात भाजीबाजार भरत असे. तो हलला, मारुती मात्र बटाट्याच राहिला. दगडूशेठ हे मिठाईचे व्यापारी होते, भाऊ रंगारींच्या घराण्याचा शालू रंगवण्याचा धंदा होता. आज ही नावे घेतली की हात जोडले जातात, पण त्यामागे कढई होती, रंगाचे पिंप होते, हे मिरवणुकीच्या गर्दीत कुणाला आठवायचे कारण नाही. आळ्यांचेही तेच. तांबट आळी, बुरूड आळी, बोहरी आळी, दाणे आळी. पत्ता सांगायला नावे उपयोगी पडतात, म्हणून टिकली.

महापालिकेनेही एक आठवण ठेवली आहे, हे मान्य करायला हवे. गंगाधरपंत पाठकांनी १९१५ साली मंडईजवळ आर्यन चित्रपटगृह काढले. पुण्यातले हे पहिले कायमचे चित्रपटगृह. १९८३ साली ते पाडले. आज तिथल्या वाहनतळाला लोक 'आर्यन' म्हणतात. गाडी लावून बाहेर पडणाऱ्या तरुणाला हे नाव कुणा बिल्डरच्या मुलाचे वाटत असेल, तर त्याचा दोष नाही. नुसते नाव उरले आणि त्यासोबत चार ओळींची माहिती नसली, की असेच होते.

आता खुद्द मंडई घ्या. १८८६ साली ती बांधून झाली आणि गव्हर्नरच्या नावाने रे मार्केट म्हणून उघडली. १८७६पासून काही वर्षे जोतीराव फुले नगरपालिकेचे सभासद होते. बाजाराच्या इमारतीवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर घाला, असे म्हणून त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच बाजाराला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. ज्याने विरोध केला त्याच्याच नावाची मंडई, ही गोष्ट पुणेकर गमतीने सांगतात. त्यातली राहून जाणारी बाजू वेगळी आहे. फुले स्वतः पुण्यातले व्यावसायिक होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत त्यांची भागीदारी होती, ओतकामाला लागणाऱ्या साच्यांची एजन्सी त्यांच्याकडे होती, खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. कंत्राट कसे दिले जाते, त्यात इंजिनिअरपासून कारकुनापर्यंत कोण कुठे हात ओला करतो, हे त्यांना ऐकून नव्हे, व्यवहारातून माहीत होते. समाजसुधारक फुले आपण पुतळ्यात आणि पाठ्यपुस्तकात ठेवले. बिले काढणारे, माल मोजून देणारे फुले कुठे ठेवले? चिपळूणकरांचेही तसेच. निबंधकार विष्णुशास्त्री सगळ्यांना माहीत. १८७८ साली त्यांनी चित्रशाळा काढली, पुस्तके विकायला किताबखाना काढला, म्हणजे ते चक्क दुकानदारही होते, हे किती जणांना ठाऊक आहे? पुण्याला धंदा करणारा माणूस आठवतो तो धंदा वगळून.

यावर आपण म्हणाल, चितळे आहेत, कयानी बेकरी आहे, गुडलक कॅफे आहे, त्यांच्यावर तर रोज कुणीतरी लिहिते. बरोबर आहे. गुडलक १९३५चे, चितळे बंधू १९५०चे, ईस्ट स्ट्रीटवरची कयानी १९५५ची. ही नावे स्वतःचा इतिहास स्वतः सांभाळायला समर्थ आहेत. (कयानीचा कॅम्प तर आपल्या हद्दीतही नाही, कॅन्टोन्मेंटच्या आहे. त्यांना वेगळे पत्र लिहीन.) चितळ्यांनी २०१७ साली दुपारीही दुकान उघडे ठेवायचे ठरवले, तर ती वर्तमानपत्रांत बातमी झाली. नोंद नसण्याची भीती त्यांना नाही. भीती आहे ती ज्यांची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी अक्षरशः खरी आहे त्यांना. काष्ठौषधीवाला, सुतळी-दोरखंडवाला, पत्रावळीवाला, पूजासाहित्यवाला, टाकाच्या निबांपासून शाईपर्यंत सगळे ठेवणारा अप्पा बळवंत चौकातला म्हातारा. त्यांच्यावर कुणी व्हिडिओ करत नाही, कारण तिथे खायला काही मिळत नाही.

दुपारी एक ते चारच्या बंदवरून एवढे विनोद झाले, पण त्याचे कारण वाड्याच्या रचनेत होते. रस्त्याला लागून दुकान, मागे चौक, चौकापलीकडे किंवा माडीवर दुकानदाराचे बिऱ्हाड. नोकर असलाच तर एक. सकाळी फळ्या काढून मालक स्वतः गल्ल्यावर बसायचा तो रात्री फळ्या लागेपर्यंत. मधे जेवायला आणि आडवे व्हायला त्याने आतले दार उघडले, की बाहेरचे दार बंद व्हायचे. घर आणि दुकान एकाच छपराखाली असल्याचा तो परिणाम होता, माज नव्हता. बरं, काही ठिकाणी माजही होता, तो मी पाहिला आहे. सुट्टे नाहीत म्हणून गिऱ्हाइकाला हाकलणारे, मापात मारणारे, नोकराला पगाराऐवजी उपदेश देणारे, सगळे मी जवळून पाहिले आहेत. जुने म्हणून गोडवे गायची माझी इच्छा नाही. नोंदीत तेही यावे.

आता एक वही दाखवतो. पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानाची खतावणी. लांबट आकार, लाल कापडाची बांधणी, गुंडाळायला दोरी. पहिल्या पानावर 'श्री', आणि त्याखाली लक्ष्मीपूजनाला ठेवलेल्या नाण्याचा वाटोळा डाग, भोवती कुंकू. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. सुरुवातीची पाने जुन्या मुनिमाने मोडीत लिहिलेली, पुढे अक्षर बदलते आणि बाळबोध सुरू होते. एप्रिल १९५७ला नवे पैसे आले. त्यानंतर बरेच दिवस या वहीत एकाच नोंदीत दोन्ही आकडे आहेत, नव्या पैशांशेजारी कंसात आणे. मुनिमाचा सरकारवर विश्वास बसायला वेळ लागला असावा. मग शेर-छटाक जाऊन किलो येतो.

मजकूर म्हणाल तर सगळा तांब्या-पितळेचा. घंगाळ, बंब, तपेली, लोटी-भांडी, परात. गिऱ्हाईक मोड घेऊन यायचे, म्हणजे घरातले फुटके-तुटके भांडे. त्याचे वजन करायचे, घट कापायची, राहिलेले वजन जमेला धरायचे आणि नव्या भांड्याचे वजन अधिक घडणावळ नावे टाकायची. कल्हईचे खाते वेगळे. भांड्यावर नाव घालणाऱ्याची मजुरी वेगळी. तो पायरीवर बसून ठोक्याने अक्षरे काढायचा, अक्षरावर पैसे. लग्नसराईच्या महिन्यांत पाने भरून वाहतात, आषाढात रिकामी. माल तांबट आळीतून यायचा. पेशव्यांच्या काळात पुण्यात आलेल्या त्वष्टा कासारांची ती वस्ती, पत्र्यावर हातोडीचे मठार उठवून भांडे घडवणारी. कारागीर, त्याचे उचल खाते, दिवाळीला झालेला हिशेब, सगळे तिथे आहे.

मग एका पानाच्या कोपऱ्यात पहिल्यांदा 'स्टील' असे येते. पुढच्या वर्षी स्टीलला स्वतःचे पान मिळते. काही वर्षांनी स्टीलची पाने मोजायला नकोत इतकी होतात आणि तांब्याला एकच पान उरते. कल्हईचे खाते एका चैत्रात थांबते, पुढे कोरी पाने आहेत. ते खाते बंद केल्याची नोंदसुद्धा नाही. ज्याने पुढच्या महिन्यात कल्हईवाला येईल म्हणून जागा ठेवली होती, त्याला तो शेवटचा आहे हे माहीत नव्हते. पुण्यातल्या स्वयंपाकघरांत तीस वर्षांत काय बदलले, कोणत्या जातीच्या, कोणत्या पेठेच्या घरात आधी बदलले, कारागिराचे काम कधी सुटले, हे या एका वहीत आहे. दुसरीकडे कुठे आहे, ते मला दाखवा.

ही वही माझ्याकडे आहे कारण मी मागितली. बाकीचे कपाटभर दप्तर वाडा रिकामा करताना रद्दीत गेले, किलोवर. दुकानदाराच्या मुलाला दोष देऊ नका. त्याला पंधरा दिवसांत जागा मोकळी करून द्यायची होती आणि नव्या जागेचा ताबा मिळायला वेळ होता. कपाट ठेवणार कुठे?

इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून घराघरांतली दप्तरे गोळा करत होते आणि १९१० साली त्यांनी इथे भारत इतिहास संशोधक मंडळ उभे केले. त्या मंडळाच्या गावात दुकानांची दप्तरे अशी जातात. पेशव्यांच्या मुदपाकखान्यात तूप किती लागले ते आपण पेशवे दप्तरात जाऊन पाहू शकतो. १९६५ साली शुक्रवार पेठेत तूप कोण उधार नेत होते, ते पाहू शकत नाही. नदीकाठच्या पेठांचे तर आणखी अवघड. १२ जुलै १९६१ला पानशेतचे धरण फुटून पाणी शिरले, तेव्हा तळमजल्यावरच्या दुकानांतले दप्तर गेले. त्यामुळे तिथल्या पुष्कळ दुकानांचा लेखी इतिहास त्या दिवसाच्या पुढेच सुरू होतो. त्याआधीचे सांगणारी माणसे आता नव्वदीच्या आसपास आहेत.

असे काम पुण्यात कधी झालेच नाही असेही नाही. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे १९३३ साली पुण्याच्या फळबाजाराची पाहणी प्रसिद्ध केली. नंतर सगळ्या शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी झाली, तिचा पहिला भाग १९४५ साली निघाला. अभ्यासाला आपल्याच पायाखालचा बाजार घ्यावा, असे त्या काळच्या अर्थशास्त्रज्ञाला वाटले. आज ती संस्था आपल्याच हद्दीत आहे, विद्यापीठ आहे, इतिहासाचे आणि वाणिज्य शाखेचे विद्यार्थी हजारांनी आहेत. माणसे कुठून आणायची हा प्रश्न नाही.

आता वाड्यांच्या भाड्याचे. दुकानदार बिचारा आणि मालक दुष्ट असे चित्र रंगवायचा मोह होतो, मी तो टाळतो, कारण दोन्हींची खाती मी लिहिली आहेत. १९४७च्या भाडेकायद्याने भाडी गोठली ती १९४०च्या दरांवर. १९९९चा कायदा आला, तेव्हा वर्षाला ४ टक्के वाढ मिळू लागली. ४ टक्के कशाच्या, तर महिना पन्नास-साठ रुपयांच्या. एवढ्या भाड्यात मालकाने कौले परतायची, तुळया बदलायच्या आणि भिंतीला टेकू लावायचे, अशी अपेक्षा होती. त्याने ते केले नाही. भाडेकरूने केले नाही, कारण घर त्याचे नव्हते. दर वर्षी पावसाळ्याआधी आपल्याकडून धोकादायक वाड्यांना नोटिसा जातात, त्या या दोघांनी न केलेल्या दुरुस्तीच्या आहेत. म्हणून वाडे पडणार, पाडले जाणार, तिथे इमारती होणार. होऊ देत.

माझे दुखणे पुढचे आहे. पुनर्विकासात भाडेकरूला क्षेत्रफळ मिळते. क्षेत्रफळाने दुकान चालत नाही, दुकान चालते तोंडावर. दहा फूट दर्शनी रुंदी, पुढे तीन फुटांचा ओटा, ओट्यावर मांडलेला माल आणि जाता जाता थांबणारे गिऱ्हाईक, यावर ज्या धंद्याच्या तीन पिढ्या जगल्या, त्याला नव्या इमारतीत मिळतो आतल्या बोळातला गाळा क्रमांक ७. दर्शनी भाग गाड्या आत-बाहेर करायच्या रस्त्याला, जिन्याला आणि जास्त भाडे देणाऱ्या बँकेच्या एटीएमला जातो. कागदावर चौरस फूट बरोबर जुळतात. मी हिशेबनीस आहे, मलाही ते बरोबर दिसतात. वर्षा-दोन वर्षांत तो गाळा मोबाईलच्या कव्हरवाल्याला भाड्याने दिलेला असतो आणि मूळ दुकानदार त्या भाड्यावर घरी बसलेला असतो. कुणी म्हणेल, बरे झाले, कष्ट वाचले. असेल. पण मग आपण 'भाडेकरूचे पुनर्वसन झाले' असे लिहू नये. माणसाचे झाले, दुकानाचे नाही झाले.

त्याच्या आधीची अडचण मधल्या काळाची. बांधकाम चालू असेपर्यंत पर्यायी जागा मिळते ती कुठे तरी कात्रजकडे, नाहीतर भाड्याचे पैसे हातात मिळतात. तीन वर्षे म्हणतात, पाच होतात. काष्ठौषधी घ्यायला गिऱ्हाईक कात्रजला जात नाही, वैद्याला सांगून दुसरे काहीतरी लिहून घेते. ज्या वस्तूची गरज वर्षातून एकदाच पडते, तिचे दुकान वर्षभर दिसले नाही की माणूस ती वस्तूच विसरतो.

म्हणून नोंदीत दर्शनी रुंदी लिहा, असे मी म्हणतो. जुन्या दुकानाचे तोंड किती फूट होते आणि कोणत्या रस्त्यावर होते, नव्या नकाशात किती फूट आहे आणि कुठे आहे. दोन आकडे शेजारी-शेजारी. परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला ते दिसले, की निदान एकदा तरी विचारावेसे वाटेल. ते दिले नाही तर परवानगी नाकारा, असे म्हणण्याइतका मी भाबडा नाही.

आणि पाटी. शॉप ॲक्टचा दाखला कामगार खात्याकडे, खाण्याच्या पदार्थांचा परवाना एफडीएकडे म्हणजे अन्न व औषध प्रशासनाकडे, जीएसटी त्याच्या जागी. दुकानाचे आयुष्य असे निरनिराळ्या कचेऱ्यांत वाटलेले आहे. महापालिकेच्या हाती राहते ती भिंत आणि पाटी. आकाशचिन्ह विभाग पाटी चौरस फुटांनी मोजतो आणि शुल्क घेतो. मोजा. पण पत्र्यावर हाताने रंगवलेली, पेंटरने खाली कोपऱ्यात बारीक सही केलेली पाटी आणि कालच बसवलेला एलईडीचा बोर्ड, यांत तुमच्या नोंदवहीत काही फरक असतो का? पाटी मराठीत हवी असा नियम आहे आणि तो योग्यच आहे. या जुन्या पाट्या नियम नसताना मराठीत होत्या, त्याही वळणदार अक्षरात, 'प्रो. प्रा.' आणि 'स्थापना'सकट. पन्नास वर्षांहून जुन्या पाट्यांना शुल्क माफ करा आणि उतरवण्याआधी त्यांचा समोरून, उजेडात फोटो काढून घ्या. थोरांच्या घरांवर आपण नीलफलक लावता. दुकानाला तो नको. त्याची पाटी हाच त्याचा फलक आहे.

बाहेर असे कुठे होते का, हे बैठकीत कुणीतरी विचारणारच. होते. सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१५ साली जुन्या व्यवसायांची नोंदवही सुरू केली, तीस वर्षे किंवा अधिक चाललेल्या धंद्यांसाठी, आणि पुढे त्यांना व जागामालकांना अनुदानही दिले. लिस्बनच्या महापालिकेने त्याच वर्षी जुन्या दुकानांसाठी योजना काढली. दौरा काढून पाहायला जायची आवश्यकता नाही, दोन्हींची माहिती घरबसल्या मिळते.

आता या कामात खरी आडकाठी कुठे येईल ते सांगतो, कारण ती आपल्या विभागांना सुचणार नाही. दुकानदारच माहिती देणार नाहीत. महापालिकेचा माणूस दारात येऊन 'दुकान किती जुने' विचारू लागला, की दुकानदाराला पहिल्यांदा मिळकतकर आठवतो, मग मालकाशी चाललेला दावा आणि मग पोटमाळा. वह्या दाखवा म्हटले तर संपलेच. कच्ची वही आणि पक्की वही या दोन वह्या असतात हे मी इथे लिहून नवे काही सांगत नाही. म्हणून ही नोंद निरीक्षकांकरवी करू नका. विद्यार्थी पाठवा, सोबत पेठेतला ओळखीचा माणूस द्या, दुकानदाराची लेखी संमती घ्या, आणि ही माहिती कर आकारणी विभागाला दिली जाणार नाही असे फॉर्मवरच छापा. वह्या सरकारजमा करू नका. फोटो काढून परत द्या. ज्याला ठेवायच्या नसतील त्याच्यासाठी भारत इतिहास संशोधक मंडळाशी किंवा एखाद्या ग्रंथालयाशी बोलून एक खोली ठरवा. तीस वर्षांपूर्वीच्या उधारीवरून आज कुणाला नोटीस येत नाही, हे त्यांना मी समजावू शकेन. माझे ते ऐकतात, कारण त्यांची बरीचशी गुपिते मी आजवर कुठे बोललेलो नाही.

आणखी एक. याचा महोत्सव करू नका. वारसा सप्ताह, दुकानदारांना शाल-श्रीफळ, मंडपात बाकरवडीचा स्टॉल, शेवटी फोटो. त्या शालींची किंमत खर्चाच्या बाजूला पडते आणि जमेच्या बाजूला काही दिसत नाही. मला हवी आहे फाईलमधली दोन पाने, जी पुढे शंभर वर्षांनी कुणी मागितली तर मिळतील. आपल्या अभिलेख विभागात मी बराच फिरलो आहे. तिथे नोंद मिळायला वेळ लागतो, पण मिळते. हे मी कौतुकाने लिहितो आहे.

मंडईखालून आता मेट्रो जाते. भुयारी स्थानक सुरू झाल्यापासून त्या बाजूच्या जागांचे भाव काय बोलले जातात, ते आपल्यापेक्षा दलालांना जास्त माहीत आहे. कसबा पेठेतही स्थानक आहे. येत्या काही वर्षांत आपल्याकडे या भागातल्या फाईली आजवर आल्या नसतील इतक्या येतील. नंतर नोंद करू म्हटले तर नोंद करायला काही शिल्लक नसेल.

सुरुवात कुठून करायची, यासाठी नवे सर्वेक्षण नको. यंदाच्या धोकादायक वाड्यांची यादी आपल्याकडे तयार आहेच. त्यातून दुकाने असलेले वाडे वेगळे काढावेत आणि त्यातही दुकानदार हयात असून ज्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे ते आधी घ्यावेत. फॉर्मचा मसुदा सोबत जोडला आहे, पाठपोट एक पान. 'धंद्याचा प्रकार' या रकान्यात 'किराणा व इतर' असे लिहून मोकळे होऊ नये म्हणून तिथे जागा जास्त सोडली आहे. दुकानदारांकडे जायचे तर सकाळी अकराच्या सुमारास पाठवा, तेव्हा गर्दी नसते. मंगळवारी नको, बुधवार पेठेत त्या दिवशी पुष्कळ जण पूजा उरकून उशिरा येतात. दिवाळीआधीचा महिना तर नकोच.

आपल्या विभागातून कुणी बोलावले तर मी येईन. मजला दुसरा असला आणि लिफ्ट बंद असली, तरी येईन.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त हिशेबनीस
कसबा पेठ, पुणे

सोबत: नोंदीच्या फॉर्मचा मसुदा, १ प्रत